नथ्थूजींचं वीस मिनिटांचं जपान

नथ्थूजी भोयर जपानला जाऊन आले, आणि तिथे त्यांनी नेमकं काय पाहिलं हे आमच्याकडे कोणालाच धड कळलं नाही. त्यांच्या बायकोला, शेवंताबाईंना विचारलं तर त्या बर्फाचा डोंगर, तलाव, बागा, उंच मनोरा आणि संडासाचं आपोआप उघडणारं झाकण असं सगळं हातवारे करून सांगायच्या. नथ्थूजींना विचारलं तर एवढंच म्हणायचे, "पाह्यलं ना जी. वीस मिनिटं पाह्यलं." ऐकणाऱ्याला वाटायचं, म्हाताऱ्याचे पैसे पाण्यात गेले. नथ्थूजी वारले त्याला आता वर्ष होईल. त्या वीस मिनिटांत भेटलेल्या माणसाला त्यांना जे विचारायचं होतं, ते माझ्यामुळे विचारायचं राहिलं, म्हणून हे लिहिते आहे.

मी पुलगावला राहते. रुळांपलीकडच्या एका खेड्यातल्या शाळेत इंग्रजी शिकवायला मी अठरा वर्षं स्कूटीवरून जात होते. वाटेत मुंबई-नागपूर लाइनचं फाटक, आणि त्या फाटकाचे गेटमन म्हणजे नथ्थूजी. शेतकऱ्याच्या घरातला माणूस. वावर धाकट्या भावाकडे सोपवून हा रेल्वेत चिकटला. बेताची उंची, मोठे कान, निळा सदरा, काखेत गुंडाळलेल्या दोन झेंड्या, एक लाल, एक हिरवी. आता तिथे फाटक नाही. रुळांखालून बोगदा केलाय आणि दोन मिनिटांत पलीकडे जाता येतं. मला त्या दोन मिनिटांचा राग येतो. पूर्वी त्या फाटकाने माझी निम्मी सकाळ खाल्ली आणि तेव्हा मी त्याला पोटभर शिव्या घातल्या, हेही खरं.

नथ्थूजींची गोष्ट अशी होती, की ते बोलत. म्हणजे कोणाशी बोलत नसत, कामाशी बोलत. स्टेशनातून गाडीचा फोन आला, की फाटकाशेजारच्या खोलीबाहेर येऊन उजव्या हाताचं बोट सरळ करायचं आणि मोठ्याने सुरू करायचं.

"डावं फाटक बंद." बोट डावीकडे. "उजवं फाटक बंद." बोट उजवीकडे. "कुलूप लागलं. चावी खिशात." इथे बोट खिशावर टेकायचं. "रुळावर बकरी नाई. माणूस नाई."

एकदा मी विचारलं, "नथ्थूजी, बकरी आधी काऊन हो?"

"माणूस आयकते म्याडम," ते म्हणाले. "बकरी आयकत नाई."

मग हिरवी झेंडी सरळ धरून उभे राहायचे. गाडी धडधडत जायची आणि त्यांची नजर खाली, चाकांवर. कुठे धूर निघतोय का, काही लोंबतंय का. शेवटचा डबा जाईपर्यंत मान वर नाही. शेवटच्या डब्याच्या मागे गाडी संपल्याची पाटी असते, ती दिसली की म्हणायचे, "शेवटचा डबा गेला. पाटी हाय." त्याशिवाय फाटक उघडायचं नाव नाही. मोटरसायकलवाले पोट्टे ओरडायचे, "गेली ना गाडी, खोला ना आता." नथ्थूजी मागे न बघता सांगायचे, "गेली नाई. जाऊन राह्यली."

ही बडबड घरीही चाले. निजायच्या आधी घरभर फिरून, "गॅस बंद. नळ बंद. मांजर बाहेर. शेवंता घरात." शेवंताबाई कपाळावर हात मारायच्या. "मी घरात हाव हे मले माईत नाई का?" असं त्यांनी मला निदान दहा वेळा ऐकवलं असेल. आमच्या शाळेतली मुलं त्यांची नक्कल करायची. डबा उघडला, भाजी वांग्याची, म्याडम आल्या, असं बोट दाखवून. मीही हसले आहे. गावात त्यांचं नावच बोलका गेटमन पडलं होतं, आणि त्याहून वाईटही एक होतं, ते लिहीत नाही.

सवय लागली कशी, ते त्यांनी एकदाच सांगितलं. नोकरीचं पहिलंच वर्ष होतं. कापसाचा सीझन, सरकी काढायच्या जिनिंगकडे जाणाऱ्या बैलगाड्यांची रीघ. दुसऱ्या बाजूचं फाटक आपण लावलं असं त्यांना वाटत होतं. लावलं नव्हतं. कापसाने भरलेली एक बैलगाडी रुळावर चढली आणि मालगाडी दिसायला लागली. हाकणाऱ्याने बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या. बैलगाडी पार झाली, मागचा थोडा कापूस तेवढा मालगाडीबरोबर उडून गेला. कोणाला काही झालं नाही. नथ्थूजी मात्र तीन दिवस जेवले नाहीत.

"ध्यानात हाय असं वाटते ना म्याडम, थेच खराब," ते म्हणाले. "तोंडानं म्हणलं का मंग खरं करा लागते."

असा हा माणूस तीस-बत्तीस वर्षं आपल्याच शब्दांना बांधलेला राहिला आणि लोकांच्या हसण्याची त्याने सवय करून घेतली. सवय झाली होती असं आम्हाला वाटायचं.

एके दिवशी मालगाडी लांबली आणि मी स्कूटीवर बसून मोबाइल बघत होते. कोणीतरी पाठवलेला एक व्हिडिओ होता. जपानमधलं कुठलंसं स्टेशन, फलाटावर टोपी घातलेला, पांढरे हातमोजे घातलेला एक कर्मचारी. तो बोट सरळ करून सिग्नलकडे दाखवतो आणि मोठ्याने काही म्हणतो. दाराकडे दाखवतो, म्हणतो. फलाटाच्या कडेकडे दाखवतो, म्हणतो. मला गंमत वाटली. गाडी गेल्यावर, फाटक उघडल्यावर मी तो नथ्थूजींना दाखवला.

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि परत पाहिला. तीनदा पाहिला.

"हे कुठचे लोक जी?"

"जपानचे."

"हा एकटाच करते का सारेच करते?"

"सगळेच. तिथे तसा नियमच आहे, असं लिहिलंय खाली."

"नियम हाय," ते हळूच म्हणाले. मोबाइल माझ्या हातात देताना म्हणाले, "मले इथं पागल म्हणते."

मला त्या क्षणी माझ्या शाळेतल्या नकला आठवल्या आणि मी स्कूटी सुरू केली.

त्या दिवसापासून नथ्थूजींना जपान लागलं. एखादीला माहेरची ओढ लागावी तसं. ज्या देशाचं नाव त्यांनी फक्त रेडिओच्या डब्यावर वाचलं होतं, तिथली माणसं त्यांना आपल्या भावकीतली वाटायला लागली. "तिकडं आता पाऊस असन का जी?" असं मध्येच विचारायचे. "थ्याईच्या गेटमनले ड्युटी किती तासाची असते?" मी इंटरनेटवर बघून सांगायची. कधी सापडायचं नाही, तर ठोकून द्यायची. रिटायर झाल्यावर त्यांनी नागपूरच्या एका टूर कंपनीत नाव घातलं. मुलगी नागपूरलाच दिलेली. ती म्हणाली, "बाबा, जायचंच हाय तं काशीले जा, रामेश्वरले जा." नथ्थूजी म्हणाले, "काशीत कोण बोट दाखवते?"

शेवंताबाई तयार झाल्या, पण एका अटीवर. "मी येतो. पण तिथं तुमी तोंडानं काई म्हणाचं नाई. बोटबी दाखवाचं नाई. परक्या मुलखात मले लाज नोका आणू." नथ्थूजींनी कबूल केलं. ज्या कारणासाठी जायचं तेच कबूल करून टाकलं, पण तो विचार त्या वेळी दोघांनाही सुचला नाही.

पुढचं मी दोघांकडून तुकड्यातुकड्याने ऐकलं. टूर म्हणजे बस. सकाळी बस, दुपारी बस, देऊळ बघा, फोटो काढा, बसा बसमध्ये. सोबत मराठी स्वयंपाकी, रोज वरण-भात. नथ्थूजी खिडकीशी बसायचे, उजवा हात पँटच्या खिशात. कुठे लांबून रूळ दिसले की मान वळवून वळवून बघायचे. सहा दिवस असे गेले. "देश चांगला हाय जी," ते सांगायचे, "पण मले पाह्याचा होता थो देश बसमधून दिसत नाई."

सातव्या दिवशी गाडी होती. सगळ्या टूरमध्ये एकच, ती प्रसिद्ध वेगवान गाडी. दीड मिनिट थांबणार म्हणून टूरवाल्या पोरीने सगळ्यांना फलाटावर रांगेत उभं करून दोनदा बजावलं. गाडी आली. शेवंताबाई चढल्या, खिडकी धरली, शेजारच्या सीटवर पिशवी ठेवून जागा राखली. नथ्थूजी रांगेत शेवटी होते. आणि त्यांच्यापासून पाच पावलांवर तो उभा होता. टोपी, पांढरे हातमोजे. ठेंगणाच, नथ्थूजींएवढा. त्याने बोट सरळ केलं, गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं आणि मोठ्याने म्हणाला.

नथ्थूजी थबकले. घंटी वाजली, दारं लागली. गाडी हलली, आणि गाडी हलताना उभ्या माणसाने जे करायचं असतं ते नथ्थूजींनी केलं. खिशातला हात बाहेर आला, झेंडी धरल्यासारखा सरळ झाला आणि नजर खाली गेली.

"मी काचीवर थापा मारून राह्यली," शेवंताबाई सांगायच्या, "अन् हे चाकाकडं पाहून राह्यले. बायको चालली, याइले पत्ता नाई."

शेवटचा डबा येईपर्यंत नथ्थूजी हलले नाहीत. त्या डब्याच्या खिडकीतून गार्ड डोकं बाहेर काढून फलाट बघत होता. "थ्यानं मले पाह्यलं," हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. गाडी पुरती बाहेर पडली तेव्हा दिलेला शब्द विसरून ते मोठ्याने म्हणाले, "शेवटचा डबा गेला. लाल दिवे दोन. हाय." आणि मग, तसंच बोट दाखवत, "शेवंता गाडीत. पासपोर्ट शेवंतापाशी. नथ्थू इथं."

आयुष्यभर जी गाडी दुसऱ्यांसाठी पाहिली, ती स्वतःसाठी आली तेव्हाही या माणसाने तिला हात दाखवून पाठवून दिलं. हा किस्सा मी शाळेत सांगितला तेव्हा स्टाफरूम हसून हसून लोळली. मीही सांगताना हसत होते. पण नथ्थूजी स्वतः हा किस्सा कधी हसून सांगत नसत.

हातमोजेवाला धावत आला. नथ्थूजींच्या गळ्यातल्या बिल्ल्यावर टूरवाल्या पोरीचा नंबर होता, त्यावर फोन लावला. मग घड्याळाच्या काट्यावर बोट ठेवून दाखवलं, पुढची गाडी वीस मिनिटांनी. बाकाकडे हात केला, बसा. नथ्थूजी बसले नाहीत. त्या माणसाच्या मागे एक पाऊल सोडून उभे राहिले.

त्या वीस मिनिटांत तीन गाड्या न थांबता गेल्या. पहिलीला ते तोंड मिटून उभे होते, शेवंताबाईंना दिलेला शब्द त्यांना परत आठवला होता. दुसरीला राहवलं नाही. त्याने म्हटलं, त्याच्यामागून यांनी आपल्या भाषेत म्हटलं. "लाइन मोकळी. कडेले कोणी नाई. गाडी येऊन राह्यली." त्याने तिरक्या नजरेने पाहिलं.

"हासला नाई जी," नथ्थूजी म्हणायचे. "म्या पाहून राह्यलो का आता हासन, मंग हासन. नाई हासला."

तिसरी गाडी आली तेव्हा त्याने बोट सरळ केलं आणि क्षणभर थांबला. नथ्थूजींनी म्हटलं. मग त्याने म्हटलं.

"माह्यासाठी थांबला थो, म्याडम."

मग त्यांची गाडी आली. त्याने कमरेत वाकून नमस्कार केला, नथ्थूजींनी रामराम केला आणि चढले. गाडी आतून कशी होती, किती वेगाने गेली, हे त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. पुढच्या स्टेशनावर शेवंताबाई रडून डोळे सुजवून बसल्या होत्या आणि पुढचे दोन दिवस त्यांनी नवऱ्याच्या दंडाला धरून जपान पाहिलं.

परत आल्यावर महिन्याभरात नथ्थूजी माझ्याकडे आले. त्यांना पत्र लिहायचं होतं. टूरच्या कागदावर स्टेशनचं नाव होतंच. "स्टेशन मास्तरले टाका, अन् म्हणा का त्या ठेंगण्या माणसाले द्या." मी वही घेतली. ते खुर्चीच्या टोकावर बसून सांगत गेले. घरी सगळे बरे आहेत ना. तुमची तब्येत. आमच्याकडे संत्रं चांगलं होतं. मी बत्तीस वर्षं फाटकावर होतो. आणि मग आवाज उतरवून म्हणाले, "अन् एक इचारा थ्याले. तुमी घरीबी म्हणता का? गॅस बंद, नळ बंद असं. अन् घरचे लोक हासते का?"

मी लिहून घेतलं. रात्री इंग्रजी करायला बसले आणि माझ्यातली मास्तरीण जागी झाली. मुलांच्या पत्रलेखनातली नको ती वाक्यं लाल पेनाने काढायची सवय. अनोळखी माणसाला घरचं विचारणं बरं दिसत नाही, असं मला वाटलं. संत्रं काढलं, तब्येत काढली आणि तो प्रश्नही काढला. राहिलं ते एक नेटकं आभाराचं पत्र. आपल्या सहकार्याबद्दल, आपल्या शिस्तीबद्दल, वगैरे. नथ्थूजींना इंग्रजी पत्र वाचता येत नव्हतं. त्यांनी खाली मराठीत सही केली आणि पोस्टात स्वतः जाऊन टाकलं.

उत्तर येईल असं मला वाटलं नव्हतं. दोन महिने नथ्थूजी भेटतील तिथे विचारत होते, "आलं का जी?" आणि खरंच आलं. चांगल्या कागदावर, छापील, कार्यालयाचा शिक्का. आपण आमच्या देशाला भेट दिलीत याचा आनंद आहे, आपल्या पत्राने कर्मचाऱ्यांना प्रोत्साहन मिळालं, पुन्हा अवश्य यावं. मी त्यांना एकेक वाक्य मराठीत सांगितलं. ते मान हलवत ऐकत होते. संपल्यावरही ऐकतच राहिले.

"मंग थे?" ते म्हणाले. "घरचं?"

मी सांगू शकले असते. अगदी सोपं होतं. पण मी म्हणाले, "ते नाही लिहिलं त्यांनी."

"असं," म्हणून त्यांनी पत्राची घडी घातली. "माहीच चुकी झाली. घरचं कोण सांगते जी बाहेरच्याले. म्या इचारालेच नोको होतं."

त्यानंतर त्यांनी जपानचं नाव माझ्याजवळ फारसं काढलं नाही. फाटक बंद होऊन बोगदा झाला तो त्याच सुमारास. संध्याकाळी कधी शाळेतून उशिरा निघाले, तर ते जुन्या खोलीच्या ओट्यावर बसलेले दिसायचे. गाडी आली की उठून उभे राहायचे. हात मात्र करत नसत. "आता आपली ड्युटी नाई, हात कसा करा?" म्हणाले. "पण गाडीले वाटत असन ना जी, इथं एक जण राहे." मला त्यांच्याकडे बघवत नसे. त्या माणसाला एकदाच कोणीतरी आपल्या बरोबरीचं भेटलं, तेही वीस मिनिटं, आणि त्याच्याशी बोलायचं एक वाक्य मी वाईट दिसतं म्हणून खोडलं.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. मी भेटायला जाते जाते म्हणत तीन आठवडे लावले.

मी गेले तेव्हा दुपार होती. नथ्थूजी ओसरीत खाटेवर होते. शेवंताबाई त्यांच्या तोंडात गोळी घालत होत्या. पाण्याचा घोट दिला, पेला खाली ठेवला, बोट सरळ करून त्याच्याकडे दाखवलं आणि मोठ्याने म्हणाल्या, "गोळी देली. दुपारची. पाणी देलं." मग दाराकडे बोट. "दार उघडं हाय. हवा येऊन राह्यली." मला पाहून त्या ओशाळल्या.

"काय करू बाई," त्या म्हणाल्या, "म्हणलं नाई तं गिळतच नाई. दिवसभर माह्या तोंडाकडं पाह्यत राह्यते. पह्यले म्याच हासो."

त्या चहा ठेवायला आत गेल्या. मी खाटेजवळ स्टूल ओढलं आणि एकदाचं बोलून टाकलं. "नथ्थूजी, तो प्रश्न मी पत्रात लिहिलाच नव्हता. त्यांनी उत्तर टाळलं नाही. मी काढून टाकला होता."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना राग आला का, समजलं तरी का, मला कळेना. मग त्यांचा डावा हात चादरीतून बाहेर आला. बोट सरळ व्हायला बराच वेळ लागला. ते माझ्याकडे नव्हतं, माझ्या मागे स्वयंपाकघराच्या दाराकडे होतं. तिथे शेवंताबाई चहाचे कप घेऊन उभ्या होत्या.

"पाणी पाह्यजे?" त्यांनी विचारलं. कप खाली ठेवून त्यांनी चमच्याने पाणी पाजलं. "पाणी देलं," त्या म्हणाल्या. नथ्थूजींचं बोट शेवंताबाईंवरच होतं.

मी चहा पिऊन उठले. अंगणात चप्पल घालताना वळून पाहिलं. शेवंताबाई कप घेऊन आत गेल्या होत्या, आणि नथ्थूजींचं बोट अजून त्या दाराकडेच होतं. निजायच्या आधी ते म्हणायचे ते मला आठवलं, शेवंता घरात.